हरित हायड्रोजनसाठी ग्रीन ओपन ॲक्सेस: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

एक किलो हायड्रोजन काढायला इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारे यंत्र, साधारण 50 ते 55 युनिट वीज खाते. म्हणजे वीज युनिटमागे रुपयाने स्वस्त पडली, की किलोमागे पन्नासेक रुपये वाचले. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे उत्पादन अनुदान पहिल्या वर्षी किलोला जास्तीत जास्त 50 रुपये, मग 40, मग 30. आणि तेही निविदा जिंकली तरच. म्हणून कळकळीने सांगतो, अनुदानामागे धावण्याआधी विजेचा अर्ज नीट भरा.

ही वीज सौर-पवन प्रकल्पातून थेट घेण्याची वाट 2022 च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांनी मोकळी केली. मंजूर भार किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी करारात ठरलेली कमाल मागणी) 100 किलोवॉट किंवा जास्त असली की तुम्ही पात्र. बिल हातात घेऊन बघा: उच्चदाब बिलावर डिमांड केव्हीएमध्ये छापलेली असते आणि नियम किलोवॉटमध्ये बोलतो; केव्हीएला पॉवर फॅक्टरने गुणले की किलोवॉट येतात. काठावरच्या ग्राहकाने हा हिशेब आधी करावा. स्वतःच्या मालकीच्या, म्हणजे कॅप्टिव्ह प्रकल्पातून वीज घेणाऱ्याला ही अटच नाही. पण तिथे किमान 26 टक्के भागभांडवल आणि निम्म्याहून जास्त, म्हणजे 51 टक्के वीजवापर वापरकर्त्यांचा असावा लागतो.

हरित हायड्रोजन किंवा हरित अमोनियासाठी वापरलेल्या हरित विजेवर क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार, म्हणजे वीज बाहेरून घेणाऱ्याकडून वितरण कंपनीच्या भरपाईसाठी घेतले जाणारे दोन आकार, लागत नाहीत. बाकी ओपन ॲक्सेस ग्राहकांचे गणित याच दोन आकारांवर कोलमडते. त्यामुळे वीज कशासाठी वापरणार, हे अर्जात स्पष्ट लिहा.

हाताशी ठेवायची कागदपत्रे: ताजे वीजबिल आणि थकबाकी नसल्याचा पुरावा, वीज खरेदी करार, दोन्ही टोकांच्या मीटरची माहिती, जोडणीचा सिंगल लाइन आराखडा (वीजजोडणी एका रेषेत दाखवणारी आकृती), कंपनीचा ठराव, कॅप्टिव्ह असेल तर भागधारणेचा दाखला. अर्ज ग्रीन ओपन ॲक्सेस रजिस्ट्रीच्या पोर्टलवर होतो. 15 दिवसांत निर्णय झाला नाही, तर तांत्रिक अटी पूर्ण असल्यास मंजुरी मिळाली असे धरले जाते.

महाराष्ट्रात प्रकल्प असेल तर 2023 च्या राज्य धोरणाकडेही बघा. त्यात 10 वर्षे पारेषण शुल्कात 50 आणि व्हीलिंगमध्ये (वितरण कंपनीच्या तारांतून वीज नेण्याच्या शुल्कात) 60 टक्के सवलत आहे. त्यासाठी महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेकडे जावे लागते.

एक गोष्ट अर्जदार हमखास विसरतात. नुसत्या सौर विजेवर इलेक्ट्रोलायझर दिवसाचे मोजकेच तास चालते आणि महागडे भांडवल बसून राहते. करार करतानाच पवन ऊर्जेची जोड आणि बँकिंगची, म्हणजे जादा वीज ग्रिडमध्ये जमा करून नंतर वापरण्याची, मुभा तपासा. शिवाय ‘हरित’ म्हणवून घ्यायला किलोमागे उत्सर्जन 12 महिन्यांच्या सरासरीने 2 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आत लागते, तेव्हा मीटरच्या नोंदी पहिल्या दिवसापासून जपा.