टाकोपेक्षा जुनी तोंडीलावणी

टाको म्हणजे तोर्तिया या पातळ मेक्सिकन भाकरीत गुंडाळून खायचा पदार्थ. मित्रमंडळी जमवून टाको खाण्याच्या बेताला मेक्सिकोत 'ताकीसा' म्हणतात. मधोमध कापडात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, एखाददोन प्रकारचं मांस किंवा शिजवलेला घेवडा, आणि भोवती वाट्याच वाट्या. हिरवा आणि लाल साल्सा, म्हणजे मिरची वाटून केलेली कालवणं, चिरलेला कांदा आणि कोथिंबीर, ठेचलेल्या अवोकाडोचं ग्वाकामोले, लिंबाच्या फोडी, व्हिनेगरमधल्या मिरच्या, पातळ आंबूस साय. प्रत्येकाने आपला टाको आपल्या चवीने सजवायचा. स्वयंपाक करणाऱ्याचा निम्म्याहून अधिक वेळ या वाट्यांवरच खर्च होतो, आणि माझ्या मते तो तिथेच व्हायला हवा. कारण या जेवणात वयाने सर्वांत मोठं काय असेल, तर ती तोंडीलावणी.

'टाको' हा शब्द खाद्यपदार्थ या अर्थाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे छापील मजकुरात दिसू लागतो. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी त्याचा उगम मेक्सिकोतल्या चांदीच्या खाणींत असावा असं मांडलं आहे. खडक फोडण्यासाठी कागदात गुंडाळून भरायच्या बंदुकीच्या दारूच्या सुरळीला खाणकामगार 'ताको' म्हणत, आणि टाकोच्या सुरुवातीच्या प्रकारांत 'ताकोस दे मिनेरो', म्हणजे खाणकामगाराचे टाको, असं नाव सापडतं. तोर्तियात काहीतरी गुंडाळून खाण्याची रीत अर्थातच फार आधीची. तरी नाव म्हणून टाको तसा अलीकडचा.

साल्साचं तसं नाही. मिरची आजच्या मेक्सिकोच्या भूमीत सुमारे ६००० वर्षांपूर्वी माणसाळवली गेली. ती वाटायचं दगडी भांडंही जुनंच. 'मोल्काहेते' म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र काळ्या दगडाचा, तीन पायांचा खल. नाहुआत्ल या अ‍ॅझ्टेकांच्या भाषेत 'मोल्ली' म्हणजे कालवण किंवा रस्सा, आणि 'काशित्ल' म्हणजे वाडगा. दोन्ही मिळून मोल्काशित्ल, आणि स्पॅनिश जिभेवर त्याचं मोल्काहेते झालं. बत्त्याला 'तेहोलोते' म्हणतात, तेही मूळ नाहुआत्लच. नवा खल आणला की त्यात कच्चे तांदूळ किंवा जाडं मीठ पुन्हा पुन्हा वाटतात. दगडाची कच निघून भुगा स्वच्छ पडू लागला की मगच त्यात अन्न वाटायचं. मिक्सरचं पातं मिरची कापतं. दगड ती चिरडतो, रस आणि साल वेगवेगळी होतात, आणि साल्सात मधेच दाताखाली येईल असा दाणा राहतो. मी दोन्ही प्रकारे करून पाहिलं आहे. वेळ असेल तर दगडच.

वाटण्याआधी टोमॅटो, मिरच्या आणि लसूण तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजतात. हा तवा म्हणजे 'कोमाल', आणि असं करपवून भाजण्याला तिकडे 'तातेमार' म्हणतात. ही कृती तेल येण्याआधीच्या स्वयंपाकघरातली आहे. स्पॅनिश लोक येईपर्यंत तिथे तळण्याची रीत जवळजवळ नव्हती. चरबी देणारे डुक्कर आणि गायी त्यांच्याच जहाजांतून आल्या. त्यामुळे चवीला खोली आणायची तर ती आगीतून, धुरातून आणि वाळवणातून. म्हणूनच पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवून तिची 'चिपोत्ले' होते. या नावाचा अर्थच धुरावलेली मिरची.

या सगळ्याचा सर्वांत तपशीलवार साक्षीदार म्हणजे बेर्नार्दिनो दे साआगुन हा फ्रान्सिस्कन मिशनरी. तो १५२९ मध्ये मेक्सिकोत आला आणि नाहुआ, म्हणजे नाहुआत्ल बोलणाऱ्या, पंडितांना सोबत घेऊन त्याने १२ खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. १५७७ च्या सुमारास पुरा झालेलं त्याचं हस्तलिखित आज फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या दहाव्या खंडात बाजारातल्या माणसांची वर्णनं आहेत, चांगला विक्रेता कोण आणि वाईट कोण अशा जोड्यांनी. तयार तिखट कालवणं विकणारी माणसंही त्यात भेटतात: मिरच्यांचे कितीतरी प्रकार, टोमॅटो, भोपळ्याच्या वाटलेल्या बिया. म्हणजे साल्सा घरी करायचा की बाजारातून आणायचा, हा प्रश्न तेव्हाही होताच. त्याच ग्रंथात उपवासाचे नियम येतात. देवासाठी उपास करायचा म्हणजे मीठ आणि मिरची सोडायची. मका चालत असे. तोंडीलावण्याची किंमत किती होती, हे मला दुसऱ्या कुठल्याच उल्लेखातून इतकं स्वच्छ कळलेलं नाही.

टोमॅटोच्या नावातला घोळ इथेच सांगायला हवा. नाहुआत्लमध्ये 'तोमात्ल' हे एका मोठ्या गटाचं नाव होतं आणि आपण ज्याला टोमॅटो म्हणतो तो लाल प्रकार 'शितोमात्ल'. मध्य मेक्सिकोत आजही लाल फळ 'हितोमाते', आणि कागदी आवरणातलं हिरवं, आंबट फळ 'तोमाते'. बाकी जग त्या हिरव्याला टोमॅटिलो म्हणतं. ते कच्चा टोमॅटो नव्हे, वेगळ्याच वंशाचं फळ आहे. हिरव्या साल्साचा आंबटपणा मुळात त्याचा असतो. त्यात भरपूर लिंबू पिळलं की एका आंबटावर दुसरा आंबट चढतो आणि फळाची चव हरवते, म्हणून मी तो साल्सा लिंबाशिवायच करते.

ग्वाकामोलेचं नाव तर उघडच बोलतं. 'आवाकात्ल' म्हणजे अवोकाडो आणि 'मोल्ली' म्हणजे कालवण. कांदा, कोथिंबीर, लिंबू हे तिन्ही त्यात नंतर आले. ज्या गुळगुळीत नसलेल्या, गडद सालीच्या अवोकाडोचं ते आज बहुतेक ठिकाणी होतं, तो 'हास' वाण मात्र कॅलिफोर्नियातला. रुडॉल्फ हास या पोस्टमनच्या बागेत एका अनोळखी बीपासून ते झाड वाढलं आणि १९३५ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. अमेरिकेने १९१४ मध्ये बियांतल्या किडीच्या भीतीने मेक्सिकन अवोकाडोच्या आयातीवर बंदी घातली होती. ती १९९७ मध्ये काही राज्यांपुरती उठली आणि मिचोआकान प्रांतातला माल सीमेपलीकडे जाऊ लागला. ठेचलेला गर हवा लागली की काळपटतो, ते त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे). लिंबाच्या आम्लाने त्याचा वेग मंदावतो. बी वाडग्यात ठेवल्याने फक्त बीखालचा भाग हिरवा राहतो, कारण तेवढीच जागा झाकलेली असते.

आता समुद्रापलीकडून आलेल्या वाट्या. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत लिंबूवर्गीय फळांच्या बिया अमेरिकेत पोचल्या. बेर्नाल दियास देल कास्तियो या सैनिकाने तर १५१८ च्या मोहिमेत आपण स्वतः मेक्सिकोच्या किनारपट्टीत संत्र्याच्या बिया पेरल्याचं अभिमानाने लिहून ठेवलं आहे. १५२१ मध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली आणि त्यानंतर कांदा, लसूण, कोथिंबीर, गाय, व्हिनेगर हे सगळं तिथल्या स्वयंपाकात शिरलं. कोथिंबिरीला तिथे इतकं आपलं मानतात की ती परकी आहे यावर विश्वास बसत नाही.

व्हिनेगरसोबत 'एस्काबेचे' आलं. हा शब्द स्पेनमध्ये अरबांकडून आला आणि त्याच्या मागे 'सिकबाज' हा व्हिनेगरमध्ये शिजवलेल्या मांसाचा जुना फारसी पदार्थ आहे. मेक्सिकोत त्याच पद्धतीने मिरच्या, गाजर आणि कांदा घातला गेला. युकातान द्वीपकल्पात व्हिनेगरची जागा आंबट संत्र्याच्या रसाने घेतली. तिथे खड्ड्यात भाजलेल्या डुकराच्या मांसावर, म्हणजे कोचिनिता पिबिलवर, त्या रसात मुरलेला लाल कांदा घालतात. आम्ल लागताच कांद्याचा जांभळा रंग झगझगीत गुलाबी होतो. घरी करायला हे सर्वांत सोपं तोंडीलावणं: पातळ उभा चिरलेला कांदा, वरून क्षणभर उकळतं पाणी, ते निथळून आंबट रस आणि मीठ. तासाभरात तयार, आणि दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं.

सायीचं कामही नीट समजून घ्यावं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातली स्निग्धता आणि केसिन हे प्रथिन ते जिभेवरून उचलून नेतात. गायी आल्या नसत्या तर ताकीसाच्या टेबलावर आग विझवणारी वाटीच नसती.

विसाव्या शतकाने दोन मोठे फाटे फोडले. लेबनॉनमधून आलेल्या कुटुंबांच्या उभ्या सळीवरच्या शावर्मापासून आधी पुएब्ला शहरातले 'ताकोस आराबेस' आणि मग मेक्सिको सिटीतले 'अल पास्तोर' झाले. मांसावर अननसाची चकती ही तिथली भर. दुसरा फाटा सीमेपलीकडचा. कडक तळलेलं कवच, सॅलडचं पान, पिवळं चेडर चीज ही रचना अमेरिकेतल्या मेक्सिकन खाणावळींत घडली. न्यूयॉर्कमधले हॉटेलवाले हुवेंसियो माल्दोनादो यांना अशी कवचं तळायच्या साच्याचं पेटंट १९५० मध्ये मिळालं, आणि टाको बेल ही साखळी १९६२ मध्ये सुरू झाली. कडक कवचाचा मला राग नाही. पण त्यात साल्सा मागे पडला आणि चीज पुढे आलं, याचं वाईट वाटतं.

मेक्सिकोच्या टाको-गाडीवर आजही विक्रेता एकच विचारतो, 'कोन तोदो?', सगळं घालून? या 'सगळं'चा अर्थ फक्त कांदा आणि कोथिंबीर. साल्साबद्दल तो सहसा काही विचारत नाही. त्याच्या वाट्या पुढ्यातच असतात, हिरवी आणि लाल, प्रत्येकीत एक चमचा. किती घ्यायचा ते खाणाऱ्याने ठरवायचं.