ठराव १६/१८ : सहमती कशी झाली, कुठे अडली

धर्माचा अपमान गुन्हा मानायचा की नाही, यावरून मुस्लिम देश आणि पाश्चात्त्य देश यांच्यातला आजचा पेच निदान १९९९ पासूनचा आहे. संयुक्त राष्ट्रांचा ठराव १६/१८ ही त्यावरची २०११ ची तडजोड. १९९९ मध्ये पाकिस्तानने इस्लामी देशांच्या गटातर्फे जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात, ‘इस्लामच्या बदनामी’विरुद्ध मसुदा आणला, वाटाघाटीत ‘इस्लाम’ जाऊन ‘धर्म’ आला. पुढे दरवर्षी ठराव येत राहिला. २००५ च्या पैगंबरांवरच्या डॅनिश व्यंगचित्रांनंतर त्याला धार चढली. विरोधकांचं म्हणणं असं की कायद्याने माणसाला जपावं, श्रद्धेला नव्हे. नाहीतर प्रत्येक ईशनिंदा कायद्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का बसतो. मार्च २०१० मध्ये, आयोगाच्या जागी आलेल्या मानवाधिकार परिषदेत, ठराव २० विरुद्ध १७ असा जेमतेम तरला, ८ तटस्थ.

वर्षभरात चित्र पालटलं. जानेवारी आणि मार्च २०११ मध्ये पाकिस्तानात पंजाबचे राज्यपाल आणि अल्पसंख्याक खात्याचे मंत्री यांची हत्या झाली. दोघांनीही ईशनिंदा कायद्याला विरोध केला होता. २४ मार्चला परिषदेत ठराव १६/१८ मतदानाविना संमत झाला. ‘बदनामी’ शब्द गाळला गेला. त्याजागी आठ कृती आल्या: तणावाची ठिकाणं वेळीच हेरणारी सरकारी यंत्रणा, अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण, असहिष्णुतेविरुद्ध नेत्यांनी जाहीरपणे बोलणं वगैरे. गुन्हा ठरवायची एकच गोष्ट: धर्मावरून *तत्काळ* हिंसेला चिथावणी.

सगळी भिस्त या ‘तत्काळ’वर आहे, आणि घोळही तिथेच. इस्लामी गटाने ही पहिली पायरी मानली, पाश्चात्त्यांनी शेवटची. संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात कृती आराखड्याने चिथावणी ओळखायचे सहा निकष दिले (संदर्भ, वक्ता, हेतू, आशय व स्वरूप, प्रसार, हानीची शक्यता), पण ते बंधनकारक नाहीत. आठ कृतींचा अहवाल देणंही ऐच्छिकच. पाठपुराव्यासाठी इस्तंबूल, वॉशिंग्टन, दोहा, जेद्दा अशा बैठका झाल्या. अंमलबजावणी ज्याची त्याच्या मर्जीवर.

स्वीडनमध्ये हे नेमकं दिसलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलिसांनी दहशतवादी धोक्याचं कारण देऊन कुराण जाळण्याच्या दोन निदर्शनांना परवानगी नाकारली. एप्रिलमध्ये प्रशासकीय न्यायालयाने ती बंदी उठवली, जूनमध्ये अपील न्यायालयानेही तेच केलं: धोक्याचा संबंध त्या जमावाशी आणि त्या जागेशी थेट हवा, देशाच्या एकूण सुरक्षेशी नव्हे. २८ जूनला, बकरी ईदच्या दिवशी, स्टॉकहोमच्या मशिदीबाहेर कुराण जाळलं गेलं. तिथे बंदोबस्त होता. आग लागली २० जुलैला बगदादमधल्या स्वीडिश दूतावासाला. हजारो किलोमीटर दूर उसळणाऱ्या हिंसेला ‘तत्काळ’ची व्याख्या पुरत नाही. ही पळवाट नव्हे, २०११ च्या तडजोडीतली मुद्दाम ठेवलेली रिकामी जागा आहे. ती भरायचा हट्ट धरला असता तर ठराव झालाच नसता.

दरम्यान १२ जुलैला जिनिव्हात त्याच परिषदेत नवा ठराव आला: पवित्र ग्रंथांच्या विटंबनेवर देशांनी कायदे तपासावेत, खटले भरावेत. यावेळी मतदान झालं. २८ बाजूने, १२ विरोधात, ७ तटस्थ. भारताने बाजूने मत दिलं, जे आपल्याकडच्या तेव्हाच्या दंड संहितेतल्या २९५-अ कलमाशी (धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं गुन्हा) जुळणारंच. अमेरिका आणि बहुतेक युरोपीय देश विरोधात गेले. बारा वर्षांची सहमती कागदावर राहिली.

डेन्मार्कने मात्र वेगळी वाट धरली. २०१७ मध्ये ईशनिंदेचं कलम रद्द करणाऱ्या याच देशाने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यताप्राप्त धर्मांच्या ग्रंथांशी जाहीर ‘अनुचित वर्तन’ गुन्हा ठरवलं. शिक्षा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, संसदेत मतं ९४ विरुद्ध ७७. धर्माची टीका मोकळीच राहिली. सरकारने कारण दिलं ते राष्ट्रीय सुरक्षेचं, सहिष्णुतेच्या वचनाचं नाही.