व्हिडिओ मॉडेलिंग आणि व्हिडिओ प्रॉम्प्टिंग: टॅब्लेट तोच, रीत वेगळी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) प्रौढांना रोजची कामे शिकवताना टॅब्लेटवरील चित्रफितींचा आधार घेतला जातो. त्यासाठी व्हिडिओ मॉडेलिंग आणि व्हिडिओ प्रॉम्प्टिंग या दोन पद्धती आहेत. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसत असल्याने त्यांची सर्रास गल्लत होते.

मॉडेलिंगमध्ये संपूर्ण काम एका सलग फितीत पाहायचे आणि ती संपल्यावर स्वतः करायचे. प्रॉम्प्टिंगमध्ये आधी कामाचे टप्पे पाडतात: वॉशिंग मशीनचे दार उघडणे, कपडे आत टाकणे, पावडर मोजून घालणे, चकती ठरलेल्या खुणेवर आणणे, बटण दाबणे. एका टप्प्याची काही सेकंदांची फीत पाहायची, तेवढेच करायचे आणि मगच पुढच्या फितीवर बोट टेकवायचे.

खरा फरक आहे तो किती लक्षात ठेवावे लागते याचा. सलग फितीतला चकतीचा टप्पा पावडर घालेपर्यंत विसरला जाऊ शकतो. तुकड्यांच्या पद्धतीत तो करायच्या क्षणीच समोर येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विकासात्मक अपंगत्व असलेल्या सहा प्रौढांना टेबल मांडणे आणि किराणा जागेवर लावणे ही कामे दोन्ही रीतींनी शिकवली, तेव्हा प्रॉम्प्टिंग बरेच उजवे ठरले. मात्र त्यातील तुकडे काम करणाऱ्याच्या नजरेतून, म्हणजे पडद्यावर केवळ हात दिसतील असे, चित्रित केले होते आणि सलग फीत प्रेक्षकाच्या नजरेतून. त्यामुळे सगळे श्रेय तुकड्यांना देणे घाईचे होईल.

शिवाय प्रत्येक टप्प्याला टॅब्लेटकडे पाहण्याची सवय जडण्याचा धोका प्रॉम्प्टिंगमध्ये असतो. तो टाळण्यासाठी जमू लागलेले दोन-तीन तुकडे जोडून लांब फीत करतात, पुढे आणखी जोडतात, आणि अशा रीतीने प्रॉम्प्टिंगच हळूहळू मॉडेलिंगकडे सरकते. उलट, अभिवादन करणे किंवा काउंटरवर मागणी सांगणे यांसारख्या, मध्येच थांबता न येणाऱ्या कामांना मॉडेलिंगच सोयीचे.

चित्रीकरण शक्यतो त्या व्यक्तीच्या वापरातल्याच मशीनवर करावे, कारण चकतीवरच्या खुणा बदलल्या की शिकलेले तिथेच अडते. टॅब्लेट तिच्याच हाती असावा, हेही तितकेच महत्त्वाचे. फीत दुसऱ्यानेच सुरू करायची असेल, तर शेजारी उभे राहून सूचना देणारा माणूस हटत नाही.