घरच्या होडीला तेल पाजायचं की रेझिन?

कृष्णेला पूर आला की चिकोडी-रायबागकडे गुऱ्हाळावरच्या काहिली पाण्यात उतरतात. काहील म्हणजे उसाचा रस कढवायची मोठी लोखंडी कढई. तिला फळी नाही, सांधा नाही, म्हणून गळतीही नाही. (वल्हं जरा चुकलं की गोल गोल फिरते, ते सोडा.) लाकडी होडीची सगळी कटकट सांध्यांची. फळी उन्हात आटते, पाण्यात फुगते. उन्हाळाभर काठावर उपडी पडलेली नाव पाण्यात ढकलली की आधी गळते. मग फळ्या पाणी पिऊन एकमेकींना दाबून बसतात आणि गळती थांबते.

जुने लेप या हलत्या लाकडासाठीच होते. सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा, वरून तेलात कढवलेली राळ फासायची, आणि दर वर्षी हेच पुन्हा. कोकण-गोव्याकडे उंडीचं, माशाचं आणि काजूच्या टरफलाचं तेल चाले. काजू पोर्तुगीजांनी आणला. आता खानापूर-चंदगड पट्ट्यातही त्याच्या बागा आहेत. टरफलाचं ते काळं तेल लाकडात मुरतं, कीड लागू देत नाही, पण हाताला लागलं तर कातडी सोलून काढतं. घाटावर करडी आणि जवस. जवसाचं तेल वाळतं असं आपण म्हणतो, पण त्यातून काही उडून जात नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन ओढून घट्ट होतं. म्हणूनच घाईने जाड हात दिला की वर साय धरते आणि खाली कितीतरी दिवस चिकटच राहतं. पातळ हात, कापडाने पुसून, मग पुढचा. याला दुसरी वाट नाही.

डांबर नंतरचं. दगडी कोळशापासून गॅस काढताना उरलेला हा गाळ. 1838 मध्ये इंग्लंडच्या जॉन बेथेलने डांबरापासूनचं तेल दाबाखाली लाकडात मुरवायचं पेटंट घेतलं आणि रेल्वेच्या लाकडी स्लीपरांचं आयुष्य वाढलं. ब्रशने नुसतं फासलेलं डांबर तेवढं खोल जात नाही.

खरी उलथापालथ प्लायवूडने केली. उभे-आडवे थर चिकटवल्यामुळे ते फारसं आटत-फुगत नाही. आयएस 710 या भारतीय मानकाच्या शिक्क्याच्या मरीन प्लायचा चिकटा 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. 1946 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने अरल्डाइट बाजारात आणलं, म्हणजे इपॉक्सी, दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन. 1963 मध्ये ब्रिटनमध्ये ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी आली: प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनमध्ये बसवायची. घरच्या पडवीत होडी बांधणं तेव्हापासून सोपं झालं. पण तर्क उलटा झाला. आता लाकडाला पाणी पाजायचं नाही, त्याला आतून-बाहेरून कोंडायचं. एकच बाजू कोंडली तर दुसरीकडून शिरलेली ओल आत अडकते आणि प्लाय कुजतं.

माझ्या दहा फुटी होडीत मी दोन्ही जमाने एकत्र केले. आतून उरलंसुरलं डांबर, त्यावर पांढरा ऑईलपेंट. पहिल्याच उन्हाळ्यात पेंटातून तपकिरी डाग वर आले. बसायच्या फळीला फर्निचरवाल्याने हौसेने फ्रेंच पॉलिश मारलं. ते चपडीचं, म्हणजे लाखेचं; पहिल्या सरीत दुधासारखं पांढरं पडलं. सगळं खरवडण्यात दोन रविवार गेले.

आता इपॉक्सीचे हात फेब्रुवारीतच. खानापूरकडच्या पावसाळी हवेत दिले तर वर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने धुऊन घासल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वर व्हार्निश किंवा पेंट लागतोच. आणि स्क्रूची भोकं: जरा मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची, वाळल्यावर त्यातच नवं बारीक भोक पाडून स्क्रू पिळायचा. माझी होडी कुजायला लागली ती अशाच एका कोरड्या भोकापासून, मागच्या फळीच्या डाव्या कोपऱ्यात.