बॅसिलिस्क : पाण्यावरून धावणारा सरडा

मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकापर्यंतच्या जंगलांत आढळणारा सरडा. बॅसिलिस्कस या प्रजातीत चार जाती आहेत. त्यांतला हिरवा बॅसिलिस्क होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका आणि पनामा येथील वर्षावनांत राहतो. शेपटीसह तो ६० ते ७५ सेंमी. भरतो, त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त शेपूटच! नराच्या डोक्यावर, पाठीवर आणि शेपटीवर तुरे असतात, मादीच्या फक्त डोक्यावर.

हा सरडा बहुधा ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर बसलेला असतो. साप किंवा शिकारी पक्षी जवळ आला की खाली उडी टाकतो आणि मागच्या दोन पायांवर उभा राहून सेकंदाला साधारण दीड मीटर वेगाने पाण्यावरून पळत सुटतो.

निवळीसारखे हलके कीटक पाण्याच्या पृष्ठताणावर तरतात. सरड्याचे वजन त्याने पेलत नाही, त्याला पाय आपटावे लागतात. मागच्या पायांच्या लांब बोटांना खवल्यांची झालर असते. जमिनीवर ती मिटलेली राहते, पाण्यावर पाऊल पडताच पसरते आणि तळवा रुंद होतो. पाऊल आधी सपाट आपटते. मग ते खाली व मागे रेटले जाते; त्या रेट्याने सरडा वर उचलला जातो, पुढे ढकलला जातो आणि पावलाभोवती हवेचा खळगा तयार होतो. खरी कसोटी यापुढे असते. खळगा पाण्याने भरण्याआधी पाऊल बाहेर आलेच पाहिजे. उशीर झाला तर पाणी पायाला धरून ठेवते, वेग मोडतो आणि सरडा बुडू लागतो. ही सगळी क्रिया जिम ग्लाशीन आणि टॉमस मॅकमहॉन यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. पुढे २००४ मधील अभ्यासात दिसले, की पाऊल बाजूलाही बराच जोर लावते. त्यामुळे सरड्याचा तोल सावरतो.

वजन वाढते तसे हे काम अवघड होते. दोन-तीन ग्रॅमच्या पिल्लाकडे गरजेच्या दुपटीहून अधिक जोर असतो. २०० ग्रॅमच्या प्रौढाचे मात्र जेमतेम भागते. ८० किलोच्या माणसाला हे साधायचे, तर ताशी सुमारे १०८ किमी. वेगाने पाय आपटावे लागतील आणि स्नायूंत आहे त्याच्या पंधरापट ताकद लागेल.

वेग मंदावला म्हणून सरडा संकटात सापडतोच असे नाही. तो उत्तम पोहतो, बुडी मारून बराच वेळ पाण्याखाली लपूनही राहतो.

कीटक, लहान मासे, फळे, फुले असे काहीही तो खातो. मादी ओलसर मातीत उथळ खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. आठ-दहा आठवड्यांनी बाहेर पडणारी पिल्ले जन्मतःच चढतात, पोहतात आणि पाण्यावरून धावतात.