‘फिनलँडिया’ची चाल लोकगीतातली नाही

नाशिकमध्ये ढोल-ताशाच्या सरावानंतर गप्पा वाद्यवृंदाकडे वळल्या की हमखास कुणीतरी सांगतं, ‘फिनलंडचा संगीतकार सिबेलियसने तिथलं जुनं लोकगीत उचलून वाद्यवृंदासाठी ‘फिनलँडिया’ रचलं, आणि तेच त्या देशाचं राष्ट्रगीत.’ दोन्ही चूक.

राष्ट्रगीत ‘मामे’ आहे, चाल फ्रेडरिक पाचियसची, १८४८ची.

‘फिनलँडिया’ १८९९ची. तेव्हा फिनलंडवर असलेली रशियन सत्ता वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करत असताना हेलसिंकीत पत्रकारांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात हे संगीत पहिल्यांदा वाजलं. सुरुवातीला पितळी वाद्यांचे जड, गुरगुरणारे स्वर, मग झुंजार लय. शेवटाकडे सगळं शांत होतं आणि बासरी-क्लॅरिनेटसारख्या वाद्यांवर ती संथ चाल उमटते, पुढे व्हायोलिनं ती उचलतात. लगतच्या सुरांवरून इतकी सहज चालते की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ओळखीची वाटते. माझ्या मते घोटाळा इथेच होतो.

शब्द नंतर चढले. आज फिनलंडमध्ये जे गातात ते कवी कोस्केन्निएमीचे फिनिश शब्द तर १९४०च्या सुमाराचे. समूहाने गाणं आपलंसं केलं आणि रचणारा मागे पडला, हे मला खटकतं. सिबेलियसला लोकपरंपरेची ओढ होतीच, ‘कालेवाला’ या लोकमहाकाव्यावर त्याने १८९२मध्ये ‘कुल्लेर्वो’ रचलं. पण ‘फिनलँडिया’ची चाल सर्वस्वी त्याचीच.