एक पुतळा म्हणजे वीस माणसं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या (प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या) टेबलावर चार खेळाडू आणि सहा गोब्लिन असले की सगळं सुरळीत चालतं. पण डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पंचाने, गडाखाली दोनशे गोब्लिन आणून उभे केले आणि तटावर शंभर शिपाई चढवले, की डाव तिथेच रुततो. प्रत्येकाच्या वाराला फाशाची एक फेक आणि एका फेकीला दहा सेकंद धरले, तर तीनशे फेकींना पन्नास मिनिटं लागतात. तेवढ्यात खेळातलं घड्याळ सरकतं फक्त सहा सेकंद, कारण नियमानुसार एक फेरी तेवढ्याचीच. चहा होतो, कुणी मोबाईल काढतं, गड मात्र आहे तिथेच.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तोच मुळी मोठ्या लढाया खेळणाऱ्यांच्या घरात. सैन्य कसं हलवायचं हे या लोकांना आधीपासून येत होतं. एकटा माणूस त्यांच्या टेबलावर नंतर आला.

सुरुवात बुद्धिबळापासून. आपल्याकडचं चतुरंग फिरत फिरत युरोपात पोहोचलं आणि १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविगने त्याचा पट वाढवून, जंगल, नदी, डोंगर असे रंगीत चौकोन करून त्यावर तोफखाना नि पायदळ उतरवलं. पण चौकोन ते चौकोनच. खरं वळण आलं प्रशियात. राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये राजासाठी युद्धाच्या खेळाचं एक टेबलच बनवलं, आणि तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्याच्या मुलाने १८२४ मध्ये 'क्रीगश्पील'चे (म्हणजे युद्धखेळाचे) नियम छापून खेळ साध्या नकाशावर आणला.

या नियमांत आजही शिकण्यासारखं बरंच आहे. नकाशा १:८००० प्रमाणाचा, एक चाल म्हणजे दोन मिनिटं, लाल आणि निळे ठोकळे म्हणजे पलटणी. दोन्ही बाजूंचे सेनापती ठोकळ्यांना हात लावत नसत. हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचे. चिठ्ठी घेऊन निघालेल्या स्वाराला पोहोचायला जितका वेळ लागेल तितका वेळ पलटण जुन्याच हुकमावर चालणार. टेकडीआड लपलेला शत्रू नकाशावर मांडलाच जात नसे. नुकसान किती झालं ते फाशावर. प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्युफ्लिंग आधी नाक मुरडत होता. डाव पाहिल्यावर मात्र त्याने हा खेळ साऱ्या सैन्याला शिफारस केला.

तक्ते मात्र फार. प्रत्येक चकमकीला कोष्टक उघडा, बेरीज करा. कंटाळून व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने १८७६ मध्ये जवळजवळ सगळे तक्ते बाजूला सारले आणि निकाल अनुभवी पंचावर सोपवला. कोष्टकावर विश्वास ठेवायचा की समोर बसलेल्या माणसावर, हा वाद तेव्हापासूनचा, आणि तो अजून मिटलेला नाही.

हे सगळं लष्करातलं. घरात हा खेळ आला तो शिशाच्या शिपायांबरोबर. १९१३ साली एच. जी. वेल्सने स्प्रिंगच्या तोफेने काड्या उडवून शिपाई पाडण्याचे नियम पुस्तकरूपात काढले. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे उभे राहतात, त्यांना कुणी फासे दिले असते तर फार वेगळं काही झालं नसतं.

मग १९६९, अमेरिकेतलं मिनेसोटा. डेव्हिड वेझलीने नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. टॉटनचं 'स्ट्रॅटेगोस' हे १८८० चं पुस्तक त्याच्या हाती लागलेलं होतं, आणि खेळाडू जे काही करू म्हणेल त्याचा निवाडा पंचाने करायचा ही कल्पना त्याने तिथून उचलली. खेळायला माणसं जास्त जमली, म्हणून त्याने ब्राउनश्टाइन या काल्पनिक गावातल्या भूमिका वाटून टाकल्या: कुणी महापौर, कुणी बँकर, कुणी विद्यापीठाचा कुलपती. लोक गावातल्या भानगडींत इतके रमले की सैन्यं बाजूलाच राहिली. वेझलीला वाटलं डाव फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक जगातला डाव सुरू केला.

तिकडे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हात गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये 'चेनमेल' काढलं. मध्ययुगीन लढाईचे नियम, एक पुतळा म्हणजे वीस माणसं. शेवटी जादूगार, ड्रॅगन वगैरेंची पुरवणी. तिथे एक साधा नियम होता: 'हीरो' चार पुतळ्यांच्या ताकदीने लढतो आणि त्याला मारायचं तर चार घातक वार एकाच वेळी बसले पाहिजेत; 'सुपरहीरो' आठांच्या ताकदीचा. या दोन वाटा मिळून १९७४ मध्ये आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये चौथ्या पातळीच्या लढवय्याला 'हीरो' आणि आठव्याला 'सुपरहीरो' म्हणतात, ते इथून. आज पात्राची पातळी वाढली म्हणून आपण पेढे वाटतो, पण ती पातळी मुळात 'हा किती शिपायांच्या बरोबरीचा' एवढाच हिशेब होता.

पेटीत आलेल्या त्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मुखपृष्ठावरही युद्धखेळाच्या मोहिमांचे नियम असंच छापलं होतं. लढवय्या नवव्या पातळीला पोहोचला की त्याने गड बांधावा, पदरी माणसं बाळगावीत, फौज घेऊन बाहेर पडावं अशी अपेक्षा. बहुतेक मंडळी तिथवर पोहोचलीच नाहीत, आणि जी पोहोचली ती भुयारांत रमलेली होती.

मग मोठ्या लढायांकडे मागे वळायचे, त्यांचे नियम याच खेळाला जोडायचे प्रयत्न सुरू झाले. १९७६ चं 'स्वोर्ड्स अँड स्पेल्स', १९८५ चं डग्लस नाइल्सचं 'बॅटलसिस्टम'. त्यांच्या मधलं १९८४ चं 'वॉर मशीन' मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. फौजेचं प्रशिक्षण, सरदार, शस्त्रं यांची बेरीज करून एक आकडा काढायचा, दोन्ही बाजूंनी शंभराचा फासा टाकायचा, फरक तक्त्यात पाहायचा. पुतळे नकोत, टेबल नको. सगळा कारभार वहीखात्याचा, पण लढाई चहा निवायच्या आत संपते. अडचण एकच: तुमचा लाडका नायक त्या बेरजेतला एक आकडा होऊन जातो.

इंग्लंडमध्ये उलटं घडलं. १९८३ च्या पहिल्या 'वॉरहॅमर'वर भूमिका-खेळ असंही छापलेलं होतं, पण लोकांनी त्यातली लढाईच उचलली. पुतळे रांगांत उभे करायचे, एकाच ट्रेवरून सगळी पलटण सरकवायची. मेलेला पुतळा मागच्या रांगेतून काढायचा, म्हणजे आघाडी भरलेली राहते. आणि हातघाईत हरलेल्या पलटणीने दोन फासे टाकून दम टिकतो का ते पाहायचं. नाही टिकला तर पळ. खऱ्या लढाईतही फौजा शेवटच्या माणसापर्यंत मरत नाहीत, आधी मोडतात. भूमिका-खेळांत मात्र खेळाडूच्या पात्राला भित्रा ठरवणारा फासा कुणालाच चालत नाही, आणि दोन्ही नियम एका टेबलावर आणताना खरी ओढाताण इथे होते.

ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५ च्या 'पेंड्रॅगन' या भूमिका-खेळाने ही गाठ वेगळ्या ठिकाणी सोडवली. आर्थर राजाचा सरदार लढाईत उतरला की फौजा मोजत बसायचं नाही. दर फेरीला त्याच्यासमोर कोण आलं ते तक्ता सांगतो आणि त्याने तेवढ्याशी लढायचं. १९९७ च्या 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज'मध्ये सामुराईने फक्त इतकंच ठरवायचं की आपण राखीव दलात थांबणार की ऐन गर्दीत घुसणार. जितकं आत जाल तितक्या जखमा जास्त, नावही जास्त, आणि मधेच एखाद्या द्वंद्वाची संधी.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठी २०१५ आणि २०१७ मध्ये मोठ्या लढायांचे दोन प्रायोगिक मसुदे आले, दोन्ही मूळ पुस्तकांत गेले नाहीत. २०२२ मध्ये ड्रॅगनलान्स या याच खेळातल्या काल्पनिक जगाचं युद्ध पुन्हा टेबलावर आलं तेव्हा फौजांसाठी वेगळा पटावरचा खेळ काढला. तो नको असेल त्यांच्यासाठी साहसाच्या पुस्तकात लढाईचे नकाशे आहेत: मधे नायक आणि त्यांचे चार-सहा शत्रू, आणि नकाशाच्या कडेने एक पट्टा, ज्यात बाकीचं युद्ध चालू आहे असं धरायचं. त्या पट्ट्यात पाऊल टाकलं की चेंगराचेंगरीचा आणि भटक्या बाणांचा धोका पत्करायचा. तिथल्या शिपायांसाठी कुणीही फासा टाकत नाही.